१३ वर्षांची ललिता, २६ वर्षांची अभिनेत्री: पुस्तकातलं वय पडद्यावर येताना

गेल्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्या बाईंनी एक प्रश्न विचारला होता. वेळ संपत आली होती, त्यामुळे उत्तर अर्धवटच राहिलं. त्यांचं म्हणणं असं होतं: "‘परिणीता’ सिनेमा मला फार आवडतो, म्हणून मुद्दाम कादंबरी मिळवली. वाचायला बसले तर सुरुवातीलाच कळलं की ललिता १३ वर्षांची आहे. मग त्या जागी विद्या बालन कशी चालते? आणि ती चालत असेल, तर मग मी वाचलं ते काय होतं?"

आजचं सगळं व्याख्यान या प्रश्नावर घ्यायचं आम्ही ठरवलं. वरवर पाहता हा प्रश्न पात्रनिवडीचा आहे. अमुक नटी अमुक भूमिकेला मोठी वाटते की नाही, असल्या चर्चा चहाच्या टपरीवरही होतात. पण बाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. पुस्तकातलं वय बदललं की गोष्ट तीच राहते का? आणि राहत नसेल, तर जे गेलं त्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

आधी दोन्ही ललिता समोर ठेवू

शरदचंद्र चट्टोपाध्याय यांची ‘परिणीता’ १९१४ सालची. मराठी वाचकाला शरदबाबू परके नाहीत. मामा वरेरकरांनी त्यांच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि आपल्याकडच्या घराघरांत त्या वाचल्या गेल्या. ‘परिणीता’ची गोष्ट थोडक्यात अशी. गुरुचरण हा बँकेतला गरीब कारकून. पदरी पाच मुली, आणि त्यांत भर म्हणून अनाथ भाची ललिता. मुलींच्या लग्नापायी घर शेजारच्या श्रीमंत नवीन रायकडे गहाण पडलेलं. नवीन रायचा धाकटा मुलगा शेखर नुकताच वकील झालाय. ललिता लहानपणापासून त्याच्या घरात वावरते, त्याच्या कपाटातून लागतील तसे पैसे घेते, त्याचं सगळं हवं-नको बघते. हे सगळं करणारी मुलगी १३ वर्षांची आहे.

आता २००५ सालचा सिनेमा. विधू विनोद चोप्रा निर्माते, प्रदीप सरकार दिग्दर्शक. गोष्ट उचलून १९६२ च्या कोलकात्यात आणली आहे. ललिता विद्या बालन. तिचा जन्म १९७९ चा, म्हणजे सिनेमा लागला तेव्हा ती २६ वर्षांची होती. हिंदीतला तिचा हा पहिलाच सिनेमा. ही ललिता नवीन रायच्या कचेरीत काम करते, टाइप करते, कागदपत्रं तिच्या हाताखालून जातात, आणि मामाच्या हवेलीचं काय करायचा डाव आहे हे तिला त्या कागदांतूनच कळतं.

बघा, वय दुप्पट झालं आणि लगेच तिला नोकरी लागली! ही गंमत म्हणून सांगत नाही. वय वाढलं की पात्राच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. २६ वर्षांची बाई दिवसभर शेजारच्या घरात जाऊन पानं लावून देते आणि कपाटातले पैसे घेते, हे प्रेक्षकाला चमत्कारिक वाटेल. १३ वर्षांच्या मुलीचं मात्र काही वाटत नाही. म्हणजे एक आकडा हलवला की त्याला जोडलेल्या चार गोष्टी हलतात. आज आपल्याला हेच सांधे तपासायचे आहेत.

पुस्तकात वय काय काम करतं?

कोणत्याही कादंबरीचा सिनेमा पाहताना पहिला प्रश्न आम्ही हा विचारतो: या पात्राचं वय कथेत नेमकं काय काम करतं? कधी कधी काहीच करत नाही. नायिका २२ ची असो की २७ ची, गोष्ट तशीच चालते. अशा वेळी नटीचं वय मोजत बसणं हा रिकामा उद्योग आहे. पण कधी कधी अख्खी गोष्ट त्या वयावर उभी असते.

‘परिणीता’त वय तीन कामं करतं. पहिलं काम घड्याळाचं. त्या काळच्या समाजात १३ वर्षांची मुलगी अविवाहित असणं म्हणजे मामाच्या डोक्यावर टांगलेली तलवार. गुरुचरणची झोप उडालीय ती त्यामुळे. कर्ज, गहाण, अपमान, पुढे त्याने ब्राह्मो होणं, या सगळ्याच्या मागे ‘मुलीचं वय चाललंय’ ही टिकटिक आहे. कायद्याचं पाहिलं तर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा १० वरून १२ वर नेली होती, एवढंच. मुलीच्या लग्नाला किमान वयाची अट घालणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला, आणि त्यातही मुलीचं वय होतं १४. म्हणजे शरदबाबू लिहीत होते तेव्हा १३ व्या वर्षी लग्न हे बेकायदा नव्हतं, जगावेगळंही नव्हतं.

दुसरं काम माळेच्या प्रसंगात आहे. धाकट्या कालीच्या बाहुलीचं लग्न आहे. घरात पोरींची गडबड, फुलांच्या माळा. त्या खेळाच्या भरात ललिता एक माळ शेखरच्या गळ्यात घालते. मुहूर्ताची रात्र असते. शेखर ती माळ परत तिच्या गळ्यात घालतो, आणि खेळ एकदम खेळ राहत नाही. आता विचार करा, शेजारी बाहुलीचं लग्न लागतंय आणि इथे जिचं लग्न ‘लागलं’ ती स्वतः बाहुली खेळायच्या वयातून नुकती बाहेर पडलेली. पुढे कुणालाही न सांगता ती मुलगी स्वतःला लग्न झालेली मानते. तो शिकलेला वकील डगमगतो, संशय घेतो, तोंड फिरवतो, आणि ती पोर मात्र शब्दाला जागते. कादंबरीचं नाव ‘परिणीता’, म्हणजे जिचा विवाह झालाय ती. तेरा वर्षांच्या मुलीला हे नाव लावण्यातच शरदबाबूंचा सगळा सल आहे.

तिसरं काम जरा अवघड आहे, पण बोलायला हवं. शेखर हा तिचा एका अर्थाने पालकही आहे. तिच्या शिकण्यासवरण्याकडे, ऊठबशीकडे त्याने लक्ष दिलंय. तिने कुठे जावं, कुणाकडे पत्ते खेळावेत, यावर तो हक्क सांगतो. या हक्काचं प्रेमात रूपांतर कधी झालं, हे त्यालाही नीट सांगता येणार नाही. आज वाचताना आपण इथे अस्वस्थ होतो, आणि व्हायलाच हवं.

सिनेमात काय झालं? घड्याळ गेलं, कारण १९६२ साली विशीतल्या मुलीचं लग्न राहिलं म्हणून मामाची तशी झोप उडत नाही. त्याच्या जागी हवेली आणि हॉटेलचा डाव आला. माळेचा प्रसंग राहिला, बाहुलीचं लग्नही राहिलं, पण त्याचा अर्थ बदलला. दोन सज्ञान माणसं एकमेकांवर प्रेम करतात, ती माळ त्या प्रेमाची खूण होते, आणि त्या रात्री ती दोघं खरोखर एकत्र येतात. आणि तिसरी अस्वस्थता पूर्ण नाहीशी झाली. लहानपणचे दोन सवंगडी मोठे झाले, एवढंच उरलं.

मग विद्या बालन ललिता म्हणून शोभते का? आमचं उत्तर असं आहे: सिनेमातल्या ललितेला ती अगदी चपखल बसते. पुस्तकातल्या ललितेला ती बसत नाही, आणि तिने बसावं अशी अपेक्षाही नाही. पटकथेने गोष्टच नव्या वयाच्या मापाने पुन्हा शिवली आहे. शिवण चांगली आहे. पण कापड तेच आहे असं मात्र म्हणता येणार नाही.

कटमध्ये हरवलेलं वर्ष

आता याच लेखकाची दुसरी गोष्ट घेऊ, कारण ‘परिणीता’त जे उघड होतं ते ‘देवदास’मध्ये लपून होतं. ‘देवदास’ छापून आली १९१७ साली. तिचे सिनेमे किती झाले हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपण दोनच पाहू: बिमल रॉय यांचा १९५५ चा आणि संजय लीला भन्साळी यांचा २००२ चा. पहिल्यात पारो सुचित्रा सेन, वय २४. दुसऱ्यात ऐश्वर्या राय, वय २८.

कादंबरीत पार्वतीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा तीही १३ वर्षांचीच आहे. त्या वयात ती मध्यरात्री एकटी उठून देवदासच्या खोलीत जाते. देवदास कच खातो. पुढे तिचं लग्न हातीपोत्याच्या एका विधुर जमीनदाराशी होतं, आणि ती पोरगी एकदम मोठमोठ्या मुलांची आई होते. थोरली सावत्र मुलगी यशोदा रुसून आहे, तर पार्वती आपले दागिने काढून तिला देते. हे वाचताना मनात १३-१४ वर्षांची मुलगी ठेवा. ती समजूतदारपणा दाखवतेय की तिचं बालपण एका दिवसात संपलंय?

बिमल रॉय यांनी कादंबरी फार मनापासून जपली, बारीक बारीक प्रसंग ठेवले. लहानपणच्या पारोसाठी बेबी नाझ घेतली. शाळा, बोरूबहाद्दर पंतोजी, आंब्याची राई, सगळं तिच्याबरोबर येतं. मग दृश्य बदलतं आणि समोर सुचित्रा सेन उभी राहते. आपण प्रेक्षक हे सहज मान्य करतो. सिनेमाची ती रीतच आहे: मूल एका कटमध्ये मोठं होतं.

पण नीट पाहा, त्या कटच्या अलीकडे आठ-दहा वर्षांची मुलगी आहे आणि पलीकडे पूर्ण वाढलेली स्त्री. १३ वं वर्ष त्या दोन चित्रांच्या मध्ये पडलं. आणि कादंबरी तर नेमकी त्याच वर्षात घडते! बालपण दाखवलं, तारुण्य दाखवलं, आणि ज्या वयात मुलीचं आयुष्य दुसऱ्यांनी ठरवून टाकलं ते वय पडद्यावर आलंच नाही. सुचित्रा सेन जेव्हा दागिने देते तेव्हा आपल्याला एक उदात्त स्त्री दिसते. डोळे भरून येतात. पण ‘अरे, ही तर स्वतःच पोर आहे’ असं वाटून जो धक्का बसायला हवा, तो बसत नाही.

इथे दोष कुणा नटीचा नाही. सुचित्रा सेनच्या पारोइतकी संयमी पारो दुसरी झाली नाही असं आम्हाला वाटतं. पण तिच्या मोठेपणामुळे बालविवाहाची गोष्ट विरहाची गोष्ट झाली, हे मान्य करायला हवं. आणि पिढ्यान् पिढ्या आपण ‘देवदास’ म्हटलं की विरहच आठवतो. तिथे एक बालविवाह होता, हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मग खरंच १३ वर्षांची मुलगी घ्यायची का?

इथे कुणीतरी म्हणेल, मग वयाला वय जुळवा. लेखकाने १३ म्हटलंय तर १३ चीच मुलगी घ्या. हा मार्गही लोकांनी चालून पाहिला आहे, आणि त्याचे दोन अगदी वेगवेगळे अनुभव आहेत.

एक अनुभव परदेशातला. शेक्सपियरची ज्युलिएट १४ ची पण पूर्ण नाही. १९३६ च्या हॉलिवूडच्या सिनेमात ती भूमिका नॉर्मा शिअररने केली, तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. रोमिओ झालेला लेस्ली हॉवर्ड चाळिशीपार. १९६८ मध्ये फ्रँको झेफिरेली यांनी ठरवलं की कोवळी मुलंच घ्यायची. ऑलिव्हिया हसी हिचा जन्म १९५१ चा. चित्रीकरणाच्या वेळी ती १५-१६ वर्षांची होती. त्या सिनेमात तजेला आला यात शंका नाही. पण त्यात एक नग्नदृश्यही होतं. पन्नासहून अधिक वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस, हसी आणि तिच्याबरोबरचा नट लेनर्ड व्हायटिंग यांनी त्याबद्दल कोर्टात दावा लावला. २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. कायद्याने काय ठरवलं ते ठरवलं. पण सत्तरी गाठलेली माणसं किशोरवयात चित्रित झालेल्या एका दृश्याबद्दल बोलत होती, हे आपण विसरू नये. पात्र कागदावरचं असतं. नटी जिवंत असते, आणि सिनेमा संपल्यावर तिला पुढे आयुष्य काढायचं असतं.

दुसरा अनुभव बंगालचाच. १९५९ चा सत्यजित राय यांचा ‘अपूर संसार’, बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘अपराजित’ कादंबरीवरून केलेला. अपूची बायको अपर्णा म्हणजे शर्मिला टागोर. जन्म डिसेंबर १९४४, म्हणजे सिनेमा लागला तेव्हा ती १४ वर्षांची होती. तिच्यासमोर सौमित्र चॅटर्जी, वय २४. ज्याच्याशी लग्न ठरलं तो नवरा वेडा निघतो, आणि ऐन वेळी अपू बोहल्यावर उभा राहतो. मग तो तिला कोलकात्याला रेल्वेच्या रुळांजवळच्या गच्चीवरल्या खोलीत आणतो.

आता राय काय करतात पाहा. खोलीत एकटी राहिल्यावर ती मुलगी खिडकीशी उभी राहून रडते. फाटक्या पडद्याच्या भोकातून तिला खाली एक लहान मूल खेळताना दिसतं. त्या एका क्षणात तिचं वयही कळतं आणि तिच्यावर काय येऊन पडलंय तेही. पुढे त्यांच्या सहवासाबद्दल राय काहीही दाखवत नाहीत. सकाळी घड्याळाचा गजर होतो, ती उठायला लागते तर तिच्या पदराची गाठ त्याच्या कपड्याला बांधलेली. ती गेल्यावर त्याला अंथरुणात तिचा केसातला आकडा सापडतो. सिगारेटच्या पाकिटात तिने लिहून ठेवलेली सूचना सापडते. आकडा, गाठ, चिठ्ठी. या तीन वस्तूंवर त्यांनी एक संसार उभा केला. नटी लहान आहे, म्हणून कॅमेऱ्याने आपली नजर वस्तूंकडे वळवली.

तर वयाला वय जुळवलं की काम झालं असं नाही. उलट जबाबदारी वाढते. आम्ही स्वतः असं मानतो की ज्या कथेत प्रणय आहे, शरीर आहे, तिथे सज्ञान नटीच घ्यायला हवी. पुस्तकाशी इमान राखणं चांगलंच, पण ते एका मुलीच्या अंगावर राखायचं नसतं.

नाटकाला चालतं ते सिनेमाला का चालत नाही?

मराठी माणूस इथे एक आक्षेप हमखास घेतो, आणि तो योग्य आहे. आपल्याकडे बालगंधर्वांना कुणी वय विचारलं होतं का? १९०५ मध्ये मिरजेला किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुढे ‘एकच प्याला’तली सिंधू, आणि अशा स्त्रीभूमिका त्यांनी पन्नाशी उलटल्यावरही केल्या. वय तर सोडाच, ते पुरुष होते! तरी लोक रडत होते.

याचं कारण रंगभूमीचा करार. प्रेक्षक तिथे पंचवीस-तीस हातांवर बसलेला असतो. मधे दिवे, रंग, सूर, पद. नट सांगतो ‘मी सिंधू’, आणि प्रेक्षक म्हणतो ‘बरं’. सिनेमात हा करार टिकत नाही, कारण तिथे कॅमेरा हनुवटीपर्यंत येतो. बालगंधर्वांचं ‘अमृतसिद्धी’ नाटक १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ म्हणून पडद्यावर आणलं, बाबूराव पेंटरांसारखा जाणता दिग्दर्शक होता, आणि गंधर्व स्वतः मीराबाई झाले. तो सिनेमा चालला नाही. माणूस तोच, गळा तोच. नजरेचं अंतर तेवढं बदललं होतं.

कॅमेऱ्याला वय कुठे दिसतं? आपल्याला वाटतं सुरकुत्यांत. त्या मेकअपने झाकता येतात. पण वय दिसतं ते हालचालीत. मूल बसतं कसं, धावताना पदर सांभाळतं की नाही, कुणी रागावलं तर नजर कुठे जाते, आवाज किती पटकन चढतो. चांगली नटी यातलं बरंच साधू शकते. म्हणून चार-पाच वर्षांचा फरक पडद्यावर खपून जातो. तेरा वर्षांचा फरक खपत नाही. मग पटकथाच बदलावी लागते.

शेजारी कोण उभं आहे?

हे बदलणं नीट करता येतं याचं एक उदाहरण आपल्या घरचंच आहे. १९३७ चा प्रभातचा ‘कुंकू’. व्ही. शांताराम दिग्दर्शक, आणि मूळ पुस्तक नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. जरठ-बाला विवाहाचा विषय. नीरा झाल्या शांता आपटे, आणि त्या काही बालिका नव्हत्या. दिसायलाही चांगल्या खणखणीत, आवाजालाही. पण पाहताना आपल्याला एकदाही असं वाटत नाही की अन्याय सौम्य झाला.

का? कारण शांतारामबापूंनी आकडा सोडला, पण नातं पकडून ठेवलं. तिच्यासमोर नवरा म्हणून केशवराव दाते आणले, पन्नाशीकडे झुकलेले, आरशापुढे उभं राहून कलप लावणारे. आणि सावत्र मुलगी म्हणून शकुंतला परांजपे आणल्या, नीरेहून स्पष्टपणे मोठ्या, शहाण्यासुरत्या, समाजकार्य करणाऱ्या. सासरी आलेल्या या नव्या ‘आई’ला तिच्यापेक्षा मोठी मुलगी घरात भेटते. एका चौकटीत ही तिघं उभी राहिली की नीरेचं वय सांगावं लागत नाही. ‘देवदास’मध्ये यशोदेच्या प्रसंगात जे हरवलं, ते इथे सापडतं. पडद्यावरचं वय नेहमी शेजारच्याच्या तुलनेत ठरतं.

असंच एक शहाणपण इंग्रजीत दिसलं ते १९९५ च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त. जेन ऑस्टेनच्या कादंबरीत थोरली बहीण एलिनॉर १९ वर्षांची आहे. सिनेमात एमा थॉम्पसन, वय ३६. पटकथाही तिचीच, आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळालं. तिथे एलिनॉरचं वय २७ केलं. गंमत अशी की मूळ कादंबरीत धाकटी मॅरियान सत्तावीस वर्षांच्या बाईची प्रेमाची आशा संपलेलीच असते, अशा अर्थाचं काहीतरी बेफिकीरपणे बोलून जाते. म्हणजे २७ हा आकडा ऑस्टेनच्या जगातला भीतीचा आकडा होता, तोच उचलला. आजच्या प्रेक्षकाला १९ वर्षांची मुलगी ‘राहून गेली’ असं वाटणार नाही, २७ म्हटल्यावर थोडं वाटेल. वय बदललं, पण वयाने करायचं काम तसंच ठेवलं.

आणखी एक प्रश्न, जो कुणी विचारत नाही

थांबण्याआधी एक हिशेब मांडतो. ‘परिणीता’ लागला तेव्हा सैफ अली खान ३४ वर्षांचा होता. १९५५ च्या ‘देवदास’मध्ये दिलीपकुमार ३३ चे, २००२ मध्ये शाहरुख खान ३६ चा. शरदबाबूंचा देवदास कोलकात्याला शिकायला गेलेला कोवळा पोरगा आहे; त्याचा कच्चेपणा, बापाला घाबरणं, पत्र लिहून मग पस्तावणं, हे सगळं त्या वयाचं आहे. छत्तिशीतला माणूस असं वागला तर तो शोकनायक की नुसताच नेभळट? पण ‘हा देवदासला मोठा दिसतो’ ही चर्चा आपण कधी ऐकली? वयाचा दाखला आपण नटीकडेच मागतो. २८ व्या वर्षी ऐश्वर्याला मागितला, शाहरुखला नाही. हे आपलं आपण तपासलेलं बरं.

तर आता बाईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सिनेमातली ललिता चालते, आनंदाने पाहा. फक्त ती पाहून ‘परिणीता’ आपल्याला कळली असं समजू नका. आणि कुठल्याही रूपांतराबद्दल ‘नटी शोभली का’ असं विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. पुस्तकात त्या वयाने काय काम केलं? पडद्यावर तेच काम दुसऱ्या कशाने होतंय का? आणि वय जुळवण्यासाठी एखाद्या लहान मुलीला काही भोगावं लागलं का?

तुमच्यापैकी बहुतेकांच्या पणजीचं लग्न १२-१३ व्या वर्षी झालेलं असेल. घरात तिचा फोटो असेल तर तो नऊवारीतल्या म्हातारीचा असेल. त्या वयातला फोटो कुठेच नसतो, काढायला कुणी थांबलंच नव्हतं. सिनेमालाही ते वय दाखवता येत नाही, आणि सज्ञान नटी घ्यायची म्हटलं तर पुढेही येणार नाही. म्हणून या बाबतीत पुस्तकच उपयोगी पडतं. शरदबाबूंनी १३ हा आकडा लिहून ठेवलाय. वाचताना तो गाळू नका.

पुढच्या वेळी येताना ‘परिणीता’चा बाहुलीच्या लग्नाचा प्रसंग वाचून या, आपण तिथूनच सुरुवात करू. आता तुमचे प्रश्न घेऊ.